आधी मोजा, मग बोला: शाळेत ऊर्जाबचत शिकवायला सुरुवात कशी करावी

शाळेत ऊर्जाबचत शिकवायचं ठरलं की सहसा आधी घोषवाक्यांची स्पर्धा होते, मग चित्रकलेची. मी पहिल्या वर्षी दोन्ही घेतल्या. मुलांनी जीव ओतून फलक रंगवले, मुख्याध्यापकांनी कौतुक केलं, वऱ्हांड्यात ते ओळीने लागले. महिन्याभराने मधल्या सुट्टीत तिथून जाताना पाहिलं, तर रिकाम्या वर्गात चारही पंखे पूर्ण वेगात फिरत होते आणि दाराशेजारचा ‘वीज वाचवा’चा फलक त्यांच्याच वाऱ्याने हलत होता. यात मुलांची चूक नव्हती. नेमकं काय वाचवायचं, किती वाचवायचं आणि वाचलं हे कळणार कसं, यातलं काहीच मी त्यांच्या हाती दिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी क्रम उलटा केला. आधी मोजायचं, मग बोलायचं. तेव्हापासून हाच क्रम ठेवला आहे. १९९४ साली युरोपात सुरू होऊन जगभर पसरलेल्या ‘इको-स्कूल्स’ कार्यक्रमातही आधी मुलांची समिती बनते, मग शाळेची पाहणी होते आणि त्यानंतरच कृतीचा आराखडा ठरतो, हे मला नंतर कळलं.

हे काम कधीच न केलेल्या शिक्षकांसाठी आणि शाळेला मदत करू पाहणाऱ्या पालकांसाठी मी हे लिहिते आहे. विज्ञानाची पदवी लागत नाही. गुणाकार-भागाकार येत असेल आणि मुलांच्या प्रश्नाला ‘चला, मोजून बघू’ म्हणायची तयारी असेल, तर पुरेसं आहे.

मुलांना सांगण्याआधी

मुलांसमोर विषय काढण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा आणि तीन गोष्टी मागा. पहिली, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं. दुसरी, रोज ठरलेल्या वेळी मीटर पाहायची परवानगी. तिसरी, शाळेचं वायरिंग ज्यांना माहीत आहे अशा माणसाचा अर्धा तास. हा माणूस बहुतेक वेळा शिपाईकाका किंवा नेहमीचे वायरमन असतात. कुठल्या बटणाने काय लागतं, कुठली मोटर किती वाजता सुरू होते, कुठला दिवा रात्रभर चालू असतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आपलं काम मुलं तपासायला आली आहेत असं त्यांना वाटलं, तर उपक्रम तिथेच अडतो. मुलांना त्यांच्याकडे शिकायला पाठवा, म्हणजे ते स्वतःच चार गोष्टी जास्त दाखवतात.

बिल हातात आल्यावर एक गोष्ट आवर्जून बघा. मोठ्या शाळांच्या मीटरला कधीकधी गुणक असतो. मीटरवर जो आकडा दिसतो त्याला त्या गुणकाने गुणल्यावरच खरे युनिट मिळतात. तो बिलावर छापलेला असतो. हे लक्षात आलं नाही तर मुलांचं सगळं गणित बिलाशी विसंगत येतं आणि त्यांचा स्वतःच्या मोजणीवरचाच विश्वास उडतो. शाळेच्या छतावर सौर पॅनेल असतील तर मीटरवर आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी दिसते. तेव्हा कुठला आकडा नोंदवायचा हे वायरमनकडून आधीच समजून घ्या.

सुरक्षेचा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि त्याला अपवाद ठेवू नका. मुलं मीटरच्या पेटीला हात लावणार नाहीत, ती उघडणार नाहीत. काचेतून, एक पाऊल मागे उभं राहून, मोठ्या माणसासोबतच वाचायचं. ओल्या हाताने बटणाजवळ जायचं नाही आणि सैल झालेला प्लग दिसला तर तो दाबून बघायचा नाही, सांगायला यायचं.

मीटरचा लाल ठिपका

आता मुलांना मीटरपाशी न्या. एका वेळी सहा-सात जण पुरे, पूर्ण वर्ग नेलात तर मागच्यांना काहीच दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मुलांना आधी फक्त तोच दाखवा आणि विचारा, हा का लुकलुकतो? कुणी म्हणतं मीटर चालू आहे म्हणून, कुणी म्हणतं बिघडला आहे म्हणून. मग मीटरवर बारीक अक्षरांत छापलेला आकडा शोधायला लावा. कुठे १६००, कुठे ३२००, कुठे आणखी काही. त्याचा अर्थ असा की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट वीज वापरून झाली.

एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालवणं, किंवा १०० वॅटचं दहा तास. मीटरवर ३२०० छापलं असेल आणि मीटरला गुणक नसेल, तर एका लुकलुकीला १००० भागिले ३२००, म्हणजे सुमारे ०.३१ वॅट-तास वीज जाते. घड्याळ लावून एक मिनिट मोजा. ३२ वेळा लुकलुकला तर त्या मिनिटात १० वॅट-तास गेले. म्हणजे त्या वेळी त्या मीटरवर ६०० वॅटचा भार चालू आहे. मग एका मुलाला वर्गातले सगळे दिवे बंद करायला पाठवा आणि पुन्हा मोजा. लुकलुक मंदावते. हे बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण दूरच्या खोलीत दाबलेलं बटण इथे डोळ्यांना दिसतं.

मोठी शाळा असेल तर मुख्य मीटरचा ठिपका इतक्या वेगाने लुकलुकतो की मोजता येत नाही. अशा वेळी प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर वापरा. एकाच उपकरणाची वीज तो दाखवतो आणि वर्गात फिरवता येतो.

हा आकडा अंगात मुरावा म्हणून मी एक प्रयोग करते. ४० किलो वजनाचं मूल एक मजला, म्हणजे साधारण २.९ मीटर, जिना चढतं तेव्हा स्वतःचं शरीर वर उचलायला जेवढं काम करतं ते जवळजवळ ११२५ ज्यूल भरतं. ३२०० वाल्या मीटरच्या एका लुकलुकीत बरोबर तेवढीच ऊर्जा असते. म्हणजे एक ठिपका, एक मजला. मुलांना एकदा जिना चढायला लावा आणि मग सांगा की एका युनिटसाठी असे ३२०० मजले चढावे लागतील. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला निदान २८० मजले. एकदा दम लागलेल्या अवस्थेत जिन्याच्या पायरीवर बसून सहावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, मग आपल्या वर्गातले पंखे दर मिनिटाला कितीदा वर चढतात?” ७५ वॅटचे चार पंखे, म्हणजे ३०० वॅट, म्हणजे मिनिटाला १६ मजले. तिने ते स्वतः काढलं. वीज ही काहीतरी खरीखुरी मेहनत आहे हे त्या वर्गाला मी भाषणातून कधीच पटवू शकले नसते.

दोन आठवडे काहीही बदलू नका

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच तो गाळला जातो. गाळू नका. दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी, शाळा भरताना आणि सुटताना, रीडिंग घ्यायचं आणि वहीत लिहायचं. शेजारी त्या दिवसाचं तापमान लिहायचं आणि काही वेगळं असेल तर तेही: परीक्षा, कार्यक्रम, पाऊस, अर्धा दिवस. या काळात कुणालाही दिवे बंद करायला सांगू नका. हा तुमच्या शाळेचा आजचा खरा वापर आहे. पुढची प्रत्येक तुलना याच आकड्यांशी होणार आहे.

तापमान का लिहायचं, हे मुलं विचारतील. उकाड्यातला आठवडा आणि गारव्याचा आठवडा यांची तुलना केली तर पंखे कमी चालले ते सवयीमुळे की हवेमुळे, हे कळणारच नाही. चुकीच्या तुलनेतून मिळालेलं यश मुलांना फसवतं आणि पुढच्या उकाड्यात आकडे वाढले की तीच मुलं खचतात.

रीडिंगसाठी जोड्या लावा: एक वाचणार, दुसरा लिहून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवणार. जोड्या दर आठवड्याला बदला. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन-तीन मुलांकडेच वही ठेवली तर उरलेल्या वर्गासाठी हे दुसऱ्याचं काम होऊन बसतं. माझ्या वर्गात सर्वांत नेटक्या नोंदी ज्याने ठेवल्या, तो एरवी गृहपाठाची वहीच आणत नसे.

बंद शाळेचं रीडिंग

सगळ्या कामात तुम्हाला एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा. सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळा पूर्ण बंद झाल्यावर रीडिंग घ्या आणि सुट्टीनंतर कुणी येण्याआधी पुन्हा घ्या.

आम्ही संध्याकाळी साडेपाचला एक रीडिंग घेतलं आणि सुट्टीचा दिवस उलटल्यावर सकाळी साडेसातला दुसरं. मधे ३८ तास गेले होते. शाळेला कुलूप होतं. मीटर १९ युनिट पुढे सरकला होता. मुलांना आधी वाटलं, वाचताना चूक झाली. वही पुन्हा तपासली, आकडा बरोबर होता. १९ भागिले ३८, तासाला अर्धा युनिट, म्हणजे रिकाम्या इमारतीत ५०० वॅट अखंड चालू होते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “शाळा झोपली तरी वीज खाते!”

मग शोध सुरू झाला. चार-चार मुलांचे गट, प्रत्येकासोबत एक मोठं माणूस आणि कागदावर खोल्यांची यादी. पिण्याच्या पाण्याचा कूलर सुट्टीतही पाणी थंड करत होता. संगणक कक्षात मशीन बंद होती, पण मुख्य बटणं चालू होती आणि प्रत्येक पडद्यावर बारीक दिवा जळत होता. गच्चीच्या जिन्यात एक जुनी ट्यूब होती, जी शेवटची कधी बंद झाली हे कुणालाच आठवेना. एकेक गोष्ट प्लगमधल्या वॅटमीटरने मोजली, बेरीज केली आणि ५०० च्या जवळ आलो. तीन साध्या गोष्टी ठरल्या: सुट्टीआधी कूलर बंद, संगणक कक्षाचं मुख्य बटण बंद, जिन्याची ट्यूब बदलून बटणाला खूण. कुणाच्याही सोयीत तिळभर कमी झालं नाही.

मुलांना नेमकं हेच शिकवायचं असतं. बचत गरजेला कात्री लावून करायची नसते. कुणाच्याही कामी न येता जे वाहून जातं ते आधी शोधायचं असतं. अंधारात वाचायला लावून किंवा घामाघूम बसवून जी बचत होते ती मुलं मनातून कधीच स्वीकारत नाहीत, आणि त्यांनी ती का स्वीकारावी?

कशाला किती लागतं

मुलांना एक सवय असते: डोळ्यांना दिसतं त्याला मोठं समजायचं. दिवा दिसतो, मोबाइलचा चार्जर दिसतो, म्हणून सगळी यादी तिथेच अडकते. गरम पाणी, गारवा आणि ऊब यांना लागणारी ऊर्जा दिसत नाही, पण जास्त तीच असते.

म्हणून उपकरणांच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवरचे वॅट वाचायला शिकवा आणि वर्गात एक तक्ता करा. पंखा साधारण ७५ वॅट, नव्या कमी विजेच्या मोटरचा असेल तर ३० च्या आसपास. जुनी ४० वॅटची ट्यूब, तिच्या चोकसह साधारण ५०, आणि तिच्या जागी येणारी एलईडी ट्यूब १८ ते २०. इस्त्री, गिझर, पाणी तापवायची किटली यांच्या पट्टीवर हजार, दीड हजार, दोन हजार असे आकडे दिसतात. पट्टीवरचा आकडा कमाल असतो, उपकरण नेहमीच तेवढं खात नाही, हेही सांगा. वातानुकूलन यंत्र किंवा शीतकपाट थांबत-थांबत चालतं, म्हणून त्याचा खरा वापर मोजूनच कळतो.

मग गणितं द्या. १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागतो. मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण ०.०२ युनिट. म्हणजे तेवढ्या गरम पाण्याच्या विजेत मोबाइल पंधराहून जास्त वेळा चार्ज होईल. एक लिटर पाणी उकळायच्या विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा साडेनऊ तासांहून जास्त जळतो. हे कळल्यावर मुलं आपणहून म्हणतात, मग एका कपासाठी किटली भरून पाणी कशाला उकळायचं? असा प्रश्न वर्गातून आला की त्या दिवसाचं काम झालं असं मी समजते.

चार्जरचा प्लग काढू नका असं मी म्हणत नाही. काढावाच. पण तेवढ्यावर समाधान मानलं की मोठ्या गोष्टी सुटतात, आणि कशाला किती याचा अंदाज एकदा बसला की तो जन्मभर कामी येतो.

पंख्याचा प्रयोग

पंखा खोली थंड करतो असं बहुतेक मुलं समजतात, खरं तर मोठेही. एका रिकाम्या बंद खोलीत थर्मामीटर ठेवा, तापमान लिहा, अर्धा तास पंखा चालवा, पुन्हा वाचा. उतरलेलं नसतं. आता थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा आणि पंख्याखाली धरा. पारा उतरतो. पंखा वारा फिरवतो, त्या वाऱ्याने अंगावरचा घाम लवकर वाळतो आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. खोलीत अंगच नसेल तर पंखा कुणासाठी? या एका प्रयोगानंतर मधल्या सुट्टीत पंखे बंद करायची आठवण मला फारशी करावी लागली नाही.

मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात: पंखा हळू केला तर वीज वाचते का? उत्तर रेग्युलेटरवर अवलंबून आहे. जुना, मोठा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर असेल तर फारशी वाचत नाही, कारण वाचलेल्या विजेतला बराच भाग त्याच्यातच उष्णता होऊन जातो. नवा इलेक्ट्रॉनिक असेल तर वाचते. वॅटमीटर जोडता येत असेल तर वायरमनच्या मदतीने दाखवा.

बटणांवर टिकल्या

वर्गातल्या बोर्डावर आठ-दहा बटणं असतात आणि कुठल्या बटणाने काय लागतं हे कुणालाच माहीत नसतं. मग एक दिवा लावायला आलेलं मूल सगळी बटणं दाबतं. आमच्याकडे सर्वांत जास्त फरक ज्या कामाने पडला, ते काम एका तासात झालं होतं. मुलांनी एकेक बटण दाबून वर्गाचा नकाशा काढला आणि बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या. हिरवी म्हणजे कुणीही, कधीही बंद करावं. पिवळी म्हणजे आधी विचारावं. लाल म्हणजे हात लावू नये, तिथे औषधांचं शीतकपाट किंवा सुरक्षेचा दिवा असू शकतो. खिडकीकडच्या दिव्यांच्या टिकलीवर छोटा सूर्य काढला: ऊन असताना हे नकोत.

त्यासोबत खिडक्यांच्या काचा आणि ट्यूबवरची धूळ पुसा, बाकं थोडी उजेडाकडे सरकवा. अभ्यासाला उजेड पुरतो का, हे मुलांनाच विचारा. ढगाळ दिवशी दिवे लावायचे असतील तर लावू द्या.

शेवटी बाहेर पडणाऱ्याने काय पाहायचं याची चार ओळींची यादी दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मोठ्यांच्या उंचीवर लावलेले फलक मुलं वाचत नाहीत.

वय बघून

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना युनिटची गरज नाही. गरम-गार, उघडं-बंद, पूर्ण-रिकामं एवढ्यावर त्यांचं काम उत्तम चालतं. दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरून वारा कुठून येतो हे शोधायला त्यांना फार आवडतं. नऊ ते बारा हे मोजणीचं खरं वय. रीडिंग, आलेख, शोधमोहीम सगळं त्यांच्या हाती द्या. तेराच्या पुढच्यांना बिल वाचू द्या, वाद घालू द्या. त्यांना विल्यम स्टॅनली जेव्हन्सने १८६५ साली मांडलेला प्रश्न द्या: वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली, तर कोळशाचा एकूण वापर घटेल की वाढेल? तो म्हणाला, वाढेल, कारण स्वस्त झालं की लोक जास्त वापरतात. मग विचारा, एलईडी बसवल्यावर आपण दिवे जास्त वेळ चालू ठेवायला लागलो का? उत्तर त्यांच्याच वहीत सापडेल.

लहानांना पृथ्वी संपणार अशा गोष्टी सांगून घाबरवू नका, हे मी कळकळीने सांगते. घाबरलेलं मूल काही दिवस खूप काळजी घेतं आणि मग विषयच टाळायला लागतं. मोठ्या मुलांनी विचारलं तर खरं सांगा, पण सोबत त्यांच्या हातात करण्यासारखं काहीतरी असू द्या.

घरी नेताना

इथे फार जपून. वर्गात घरगुती बिलांची तुलना कधीही करू नका. बिलावरून घरातली माणसं, आजारपण, ऐपत, सगळं उघडं पडतं. कुणाच्या घरी वीज मोजकीच असते, कुणाच्या घरी आजीसाठी रात्रभर यंत्र चालू ठेवावं लागतं. घराची तुलना फक्त त्याच घराच्या मागच्या महिन्याशी, आणि ती वही घरातच राहील. वर्गात सांगायचं ते एवढंच: मी काय शोधलं.

मुलाला घरातला पोलीस बनवू नका. “आई, तू चूक करतेस” असं म्हणायला पाठवण्यापेक्षा एक प्रश्न घेऊन पाठवा: आपल्या घरात रात्री सगळे झोपल्यावर कायकाय चालू असतं? आईवडिलांसोबत बसून यादी करायची. यादी झाली की बोलणं आपोआप होतं, आणि बऱ्याचदा आजी-आजोबांकडे वाचवायच्या युक्त्या आपल्यापेक्षा जास्त निघतात.

वीज सोडून बाकीचं

शाश्वत जगणं म्हणजे काय, हे सांगायला १९८७ साली ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने केलेली व्याख्या अजूनही सर्वांत सोपी आहे: पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील अशा बेताने आजच्या गरजा भागवायच्या. मोजणीची सवय लागलेल्या वर्गाला मग पाणी, कागद, कचरा यांकडे वळणं अवघड जात नाही.

गळत्या नळाखाली दहा मिनिटं मोजपात्र ठेवा. १५० मिलिलिटर भरलं तर दिवसाला २१ लिटरहून जास्त पाणी गेलं. एक प्रामाणिक गोष्ट इथे सांगावी लागते. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला लागणारी ऊर्जा सुमारे २७ वॅट-तास असते, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून त्याच्या दोन-तीन पट. म्हणजे अशा चढावाच्या हिशेबात पाणी वाचवून वीज फार वाचते असं म्हणता येत नाही. पाणी पाण्यासाठीच वाचवायचं.

कागदासाठी वर्गात एकच खोकं ठेवा, एका बाजूने कोऱ्या कागदांचं. महिन्याने ते शिवून कच्च्या वह्या करा. ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर एक भाग ओलं आणि दोन-तीन भाग सुकी पानं, आठवड्यातून एकदा खालवर करायचं. वास आला तर ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली, सुकी पानं वाढवा. ढिगात थर्मामीटर खुपसला की आतली ऊब वाचता येते आणि ती नोंदही वहीत जाते.

वाचलेलं कुणाचं?

तीन-चार महिन्यांनी मुलांकडे आकडे असतील. तेव्हा त्यांना मुख्याध्यापकांना पत्र लिहू द्या. पत्रात तीनच गोष्टी असाव्यात: आम्ही काय मोजलं, काय बदललं, आता काय हवं. भाषा त्यांची, सही सगळ्यांची. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १९९०च्या दशकात ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची पद्धत सुरू झाली. शाळेने विजेचा, पाण्याचा, ऊब ठेवण्याचा जो खर्च वाचवला त्यातला निम्मा शाळेलाच परत मिळायचा. पुढे ती युरोपात इतरत्रही गेली. तुमच्या शाळेत ठरावीक वाटा ठरो न ठरो, वाचलेल्या खर्चातून मुलांनी निवडलेली एक तरी गोष्ट यावी यासाठी आग्रह धरा. आमच्या मुलांनी ग्रंथालयाच्या कोपऱ्यासाठी दिवे मागितले. मला आधी आश्चर्य वाटलं, मग पत्रातला हिशेब वाचला: किती वॅटचे, दिवसाला किती तास, वर्षाला किती युनिट, आणि बंद झालेल्या जिन्याच्या ट्यूबमधून ते कसे भागतात.

आकडे वाढलेला महिनाही येईल. तो लपवू नका. फळ्यावर तोही लिहा आणि मुलांना कारण शोधू द्या. एकदा आमचा वापर अचानक वाढला आणि मुलांनी पाण्याच्या टाकीचा बिघडलेला फ्लोट शोधून काढला. टाकी भरून वाहत होती आणि मोटर चालूच होती.

वर्ष संपताना वही पुढच्या वर्गाकडे द्यायची असते. ती तशीच हातात ठेवू नका. जुन्या आणि नव्या वर्गातल्या मुलांच्या जोड्या लावा, जुन्यांनी नव्यांना मीटरपाशी न्यावं, ठिपका मोजून दाखवावा, टिकल्यांचे अर्थ सांगावेत. शेवटच्या पानावर जुन्या वर्गाने एवढंच लिहावं: काय जमलं, काय जमलं नाही, आणि अजून न सापडलेली वीज कुठे जात असावी असा आमचा अंदाज आहे. मग मोठ्या सुट्टीला कुलूप लावताना दोन्ही वर्गांनी मिळून एक रीडिंग घ्यावं आणि तारीख, वेळ टाकून ते नव्या वहीच्या पहिल्या ओळीत लिहावं.